सदतीस नंबरचं पीठ

टेम्पो खारात, खाडीकाठच्या खाऱ्या भातशेतीत, येत नव्हता. बांध अरुंद, त्यात भरतीचं पाणी अडवणाऱ्या उघाडीजवळ खचलेला. त्यामुळे खळ्यावरच्या गोणी डोक्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत न्यायच्या होत्या. मोरू म्हात्रे आणि त्याची बायको सखुबाई, दोघांनी सकाळपासून अठरा गोणी नेल्या. सखुबाईच्या मानेवर घाम आणि भाताची कुसं मिळून आग होत होती. एकोणिसावी गोणी उचलायला ती वाकली आणि तशीच उभी राहिली.

"ही ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ही आनि मागची. खायाला."

टेम्पोबरोबर आलेला निकेत वहीत गोणी मोजत होता. तळ्याकडच्या आळीतला मुलगा, फार्मसीचं शिक्षण झालेलं, आता कॉलेजच्या संशोधनावर नेमलेला. पायात बूट असल्यामुळे तो खळ्याच्या कडेला उभा होता.

"काकी, तेच तर नको आहे," तो म्हणाला. "नव्वद दिवस तुमच्या घरात हा भात असायलाच नको. अर्ध्या लोकांना आम्ही तुमच्या या रता भाताचं पीठ देणार, अर्ध्यांना दुसरं. कोणाला कुठलं ते तुम्हाला माहीत नाही, मलाही माहीत नाही. तुम्ही घरचा भात खाल्लात तर सगळा प्रयोग वाया."

"आपन पेरलेला आपन खावाचा न्हाय?"

"नव्वदच दिवस. पीठ आम्ही देतोय ना."

"दे गो, भरून दे," मोरू म्हणाला. "औषद व्हनार हाय आपल्या भाताचा. बियाना ठेवलाय ना? बास."

त्याने ती गोणी स्वतः उचलली आणि निघाला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात म्हणून एरवी उतरणीला थांबणारा, त्या दिवशी थांबला नाही.

वाघखारात काळा रता पेरणारी तीनच घरं उरली होती. बाकीच्यांनी बांध सोडले, खाडीचं पाणी आत आलं, भाताच्या जागी तिवरं उगवली. पोरं उरणला ट्रेलरवर गेली. मोरूचा प्रज्योतही कंटेनर चालवत होता. रत्याचं टरफल काळं, आतला तांदूळ लाल, जाडा. बाजारात त्याला कोणी विचारत नसे. पण खाऱ्या जमिनीत दुसरं काही तगत नाही, आणि बापाने पेरला म्हणून मोरू पेरत राहिला. गावात त्याला हसत. मग सप्टेंबरमध्ये नेत्रा मॅडम आल्या. कॉलेजातल्या मोठ्या डॉक्टर, पण चपला हातात घेऊन चिखलात उतरल्या. कणीस तळहातावर घेऊन म्हणाल्या, "मोरूदादा, तुम्ही काय सांभाळून ठेवलंय ते तुम्हाला माहीत नाही. साखरेच्या पेशंटला हा तांदूळ औषध होऊ शकतो." मोरू हे वाक्य चहाच्या टपरीवर, रेवसच्या धक्क्यावर, एसटीत, भेटेल त्याला सांगत सुटला. त्याला स्वतःला सात वर्षं साखर होती. आरोग्य केंद्रातून सकाळ-संध्याकाळ एक पांढरी गोळी मिळे.

तीन गावांतले साठ साखरवाले घेतले. मॅडमनी त्यात मोरूलाही घेतलं. अकरा पानांच्या कागदावर सही करताना सखुबाईने विचारलं, "आनि साखर वाढली तं?"

निकेतने मोरूच्या दंडाच्या मागच्या बाजूला रुपयाएवढं पांढरं बटण चिकटवलं होतं. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "हे कशासाठी आहे? दर पाच मिनिटांनी साखर मोजतं आणि फोनवरून थेट कॉलेजात पाठवतं. तुमच्या आधी आम्हाला कळेल."

मोरूने बाही खाली ओढली नाही. दोन दिवस तो तसाच गावातून फिरला.

पिठाची पाकिटं आली. पाकिटावर नाव नव्हतं, ३७ एवढाच आकडा. सखुबाईने चुलीवर आधण ठेवलं, पीठ वैरलं, उकड काढली आणि परातीत मळायला घेतली. दोन हात फिरवले आणि थांबली. पुन्हा मळली. रत्याच्या उकडीला ओंजळभर पाणी जास्त लागतं, तरी भाकरीची कड फाटते. हातावर फिरवताना ती जड लागते. ही उकड लोण्यासारखी मळत होती. रंग लाल, रत्याहून जरा जास्तच लाल. तिने हात धुतले. परातीतलं पाणी गुलाबी झालं. नखांच्या कडेला रंग राहिला.

मोरूने पहिला घास घेतला. "गोड लागतं," तो म्हणाला.

"लागनारच. ह्यो रता न्हाय."

"कशावरना?"

"मना मलताना कलत न्हाय? चालीस वर्सां मलतंय मी. रत्याचा रंग हाताला लागतो कवा? कोंड्यातला रंग तो, धुऊन जात न्हाय. ह्यो बाजारचा तांदूल हाय, रंगवलेला."

"त्यांची मशीन असतात गो. दलताना जरा बारीक झाला आसंल." त्याने दुसरी भाकरी ओढली. "मॅडम शिकलेल्या हायत. आपल्याच भाताचा माज्यावर प्रयोग, आनि मनाच दुसरा पीठ देतील?"

पुढच्या आठवड्यात निकेत पाकिटं घेऊन आला तेव्हा सखुबाईने तेच त्याला सांगितलं. त्याने दाराबाहेर बघून आवाज खाली आणला.

"काकी, हे कोणाला बोललात का?"

"ह्यांना बोललंय."

"आता आणखी कोणाला बोलू नका. प्लीज. कोणाला कुठलं पीठ हे कळलं की अभ्यास बिघडतो. संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यात, माणसाने नाही. आणि तुम्ही नुसत्या हाताने कसं ओळखणार? प्रयोगशाळेत ओळखायला दोन दिवस जातात."

"मंग तुमची प्रयोगशाला माज्यापेक्षा मंद हाय," सखुबाई म्हणाली.

मोरू हसला नाही. निकेत गेल्यावर तो तिच्यावर खेकसला. "पोऱ्याचा अपमान करतंस. उद्या यादीतना नाव काढतील आपला." त्या दिवशी तो मुद्दाम चार भाकऱ्या जेवला. एरवी दोन खायचा. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी दोनच सांगितल्या होत्या. पण आता भाकरी म्हणजे औषध होतं, आणि औषध जास्त खाल्लं तर नुकसान कसलं? सखुबाई वाढत राहिली. त्या चार भाकऱ्या आपण वाढल्या हे पुढे किती महिने तिला सलत राहिलं.

जानेवारीच्या पुनवेचं उधाण येणार होतं. त्याआधी उघाडीजवळचा बांध भरायला हवा होता, नाहीतर खारं पाणी शेतात शिरून दोन-तीन वर्षं जमीन मेली असती. तिन्ही घरची माणसं उतरली. ओहोटीत खाडीच्या तळातून चिकण मातीच्या ढेपा कापायच्या, एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे द्यायच्या, बांधावर थापायच्या, पायाने तुडवायच्या. मोरू सगळ्यात खाली, कमरेएवढ्या चिखलात. शेजारचा विठोबा त्याच्या वर, मग सखुबाई. ढेप मांडीएवढी जड आणि थंडगार. तीन तासांनी बोटं वळेनात.

मोरूला सारखी तहान लागत होती. आणलेली कळशी त्याने एकट्याने संपवली. दर थोड्या वेळाने तो तिवरांआड लघवीला जाऊन येई. विठोबा म्हणाला, "काय रं, खाडी भरतंस काय?" सगळे हसले, मोरूही हसला.

पाणी चढायला लागलं तसे ते वर आले. सखुबाई मागून चालत होती. मोरूच्या डाव्या पावलाचा ठसा चिखलात उमटत होता आणि प्रत्येक ठशात लाल डाग.

"अवो, थांबा. पाय बगू."

करंगळीच्या खाली, तळव्याला, दगडावरच्या कालवाच्या शिंपीने बोटभर लांब चीर पडली होती. कड पांढरी, आत चिखल. सखुबाईने बोटाने कड दाबली.

"दुकतं?"

"न्हाय."

"आता?"

"न्हाय बोललो ना. लागलाय कवा तेच समजला न्हाय."

घरी तिने कढत पाण्याने धुऊन हळद भरली, फडकं बांधलं. दोन दिवसांनी फडकं सोडलं तेव्हा वास आला. आठ दिवसांनी चिरेची कड काळी झाली. मोरू तरी बांधावर जातच होता, पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून. दुखत नव्हतं म्हणून त्याला काही वाटतच नव्हतं. तोंड मात्र वाळलेलं, शर्ट खांद्यावर लोंबायला लागला. सखुबाईला वाटलं, चार भाकऱ्या खाणारा माणूस सुकतो कसा?

निकेत दर पंधरा दिवसांनी बटण बदलायला येई. फेब्रुवारीत आला तेव्हा सखुबाईने त्याला बसू दिलं नाही.

"ह्यांची साखर किती हाय ती सांग."

"काकी, मला दिसत नाही. फोनवर आकडे झाकलेले असतात. संपेपर्यंत कोणालाच दाखवत नाहीत. नाहीतर माणूस आकडा बघून खाणं बदलतो."

"कोनालाच न्हाय?"

"वर कॉलेजात दिसतात."

"मंग तिथं फोन लाव."

त्याने फोन लावला. कोणी घेतला नाही. सखुबाईने मोरूच्या पायाचं फडकं सोडलं. निकेतने नाकावर हात नेला, मग शरमून खाली घेतला. त्याने पायाचा फोटो काढला, मॅडमना पाठवला. चहा होईपर्यंत उत्तर आलं. त्याने ते वाचून दाखवलं. जखमेचा आहाराशी संबंध नाही, फॉर्म भरावा, सहभागीला जवळच्या केंद्रात जाण्यास सांगावं. मग त्याने एका कागदावर खुणा केल्या, मोरूची सही घेतली, नवं बटण चिकटवलं, पाकिटं ठेवली.

"उद्याच केंद्रात जा," जाताना तो म्हणाला.

"उद्या कशाला, आताच नेतंय," सखुबाई म्हणाली.

आरोग्य केंद्रात नलू सिस्टर होत्या. त्यांनी जखम बघितली आणि आधी मोरूच्या बोटाला सुई टोचली. यंत्रावर आकडा आला. त्यांनी दुसऱ्या बोटाला टोचलं.

"चारशे बासष्ट," त्या म्हणाल्या. "मोरूदादा, तुम्ही उभे कसे आहात? आणि हे दंडाला काय आहे?"

"साखर मोजाचा मशीन," मोरू म्हणाला.

सिस्टर त्या बटणाकडे बघत राहिल्या. "मग हे काय करत होतं?" त्यांनी विचारलं.

अलिबागला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी धावपळ केली, सलाईन लावली, इन्सुलिन सुरू केलं, चार दिवस पाय वाचवायला बघितलं. पाचव्या दिवशी सांगितलं, विष वर चढतंय. डाव्या पायाची पाचही बोटं आणि पुढचं अर्धं पाऊल काढलं. शुद्धीवर आल्यावर मोरूने पांघरुणाखालून पाय हलवला आणि म्हणाला, "करंगली दुकते गो." महिनाभर न दुखलेली करंगळी.

प्रज्योत उरणहून गाडी तशीच लाइनीत टाकून आला होता. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी निकेत दवाखान्यात आला. वॉर्डाच्या दारातच प्रज्योतने त्याची कॉलर धरली आणि त्याला भिंतीवर आपटलं.

"साला, मेरे बाप पे प्रयोग करतो? चल, बाहेर चल!"

निकेतने हात वर केले नाहीत. "मार," तो म्हणाला. "पण आधी ऐक."

"सोर त्याला," सखुबाई म्हणाली. "ह्यो आला तरी. दुसरा कोन आलाय?"

कॉलर सुटली. निकेत बाकावर बसला. त्याने जे सांगितलं ते तो जमिनीकडे बघूनच बोलला. बटण बरोबर चाललं होतं. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकही आकडा चुकला नव्हता. साखर तीनशेच्या वर गेली की कॉलेजात मेल जाईल अशी सोय होती. ते मेल बघायला एक मुलगी नेमलेली. डिसेंबरात तिची मुदत संपली, दुसरी कोणी घेतली नाही. मेल तिच्याच नावाने जात राहिले.

"कोनी उघडलं न्हाय?"

"नाही."

"किती व्हतं?"

निकेतने ओठ दाबले. "एकशे चौदा. सगळे सदतीस नंबरचे."

सखुबाईने पदर कमरेला घट्ट खोवला, जणू काही उचलायचं होतं. उचलायला काही नव्हतं.

"आनि पीठ?"

"तुम्ही बरोबर होता, काकी. काल पिठांची यादी उघडली. त्यांना रता नव्हताच."

"मना म्हाईत व्हता," सखुबाई म्हणाली. "तुला पन म्हाईत झाला व्हता, त्या दिवशी. तू दाराकडे बगलास तवाच. आनि पायाचा फोटू काढून च्या पिऊन गेलास."

निकेत रडला. तिने त्याला पाणी दिलं नाही.

मार्चमध्ये ती प्रज्योतबरोबर कॉलेजात गेली. दारावरच्या माणसाने वही पुढे केली. नाव, वेळ, कोणाकडे काम, संस्थेचं नाव. शेवटच्या रकान्यात काय लिहायचं ते प्रज्योतला कळेना, तेव्हा दरवानाने स्वतः लिहिलं, पेशंट. वर स्टीलच्या बाकावर त्यांना बसवलं. मॅडम मीटिंगमध्ये होत्या. समोरच्या भिंतीवर माणसाच्या उंचीचं एक चित्र होतं. रत्याचं कणीस, आणि ते धरलेला एक हात. खाली इंग्रजीत खूप काही लिहिलेलं. सखुबाई बघता बघता उठून जवळ गेली. तर्जनी पेराजवळ वाकडी होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मोरूने ती विळ्याने कापून घेतली तेव्हा तिनेच चुना लावला होता. चित्रात मनगटाच्या वर माणूस नव्हता.

दोन तासांनी आत बोलावलं. मॅडमचा चेहरा ओढलेला होता. त्या उठून उभ्या राहिल्या, सखुबाईचा हात हातात घेतला.

"सखुबाई, मला खरंच फार वाईट वाटतंय. पण एक समजून घ्या. मोरूदादांना रत्याचं पीठ मिळतच नव्हतं. ते दुसऱ्या गटात होते. त्यामुळे आपल्या तांदळाने त्यांना काही झालेलं नाही."

सखुबाईने हात काढून घेतला. "तांदलाला कोन काय बोललाय? मी तांदलाची फिर्याद घेऊन आले काय?"

"नाही, म्हणजे गावात गैरसमज व्हायला नको—"

"आकडे दाखवा."

"ते आता कॉलेजच्या समितीपुढे आहेत. आणि सहभागीला अभ्यासाच्या काळात आकडे दाखवायचे नसतात, हे तुम्ही सही केलेल्या कागदातच आहे."

प्रज्योतने घडी घातलेली अकरा पानं टेबलावर टाकली. सातव्या पानावर पेनाने वर्तुळ केलं होतं. "ये पढो, मॅडम. मोठ्याने वाचा. 'साखर धोक्याच्या पातळीवर गेल्यास सहभागीला तात्काळ कळवण्यात येईल.' तात्काळ म्हणजे काय? पाय काटने के बाद?"

मॅडमनी वाचलं नाही. "ती तांत्रिक चूक झाली," त्या म्हणाल्या.

"तांत्रिक कंची?" सखुबाई म्हणाली. तिचा आवाज चढला आणि बाहेरचा शिपाई दारात आला. "राखनीचा मानूस काडून घेतलाव, दुसरा ठेवला न्हाय. यात तंत्र कंचा? आमच्या शेतात डुकरा शिरली तर आमी बोलू काय, तांत्रिक झाला? एकशे चौदा येलां तुमचा मशीन बोंबलला. एकशे चौदा येलां! माजा मानूस चिकलात उबा व्हता, त्याला म्हाईत न्हाय. मशीनला म्हाईत, तुमाला म्हाईत व्हावाचा, त्यालाच तेवडा म्हाईत न्हाय."

मॅडम, बहुधा धीर द्यायचा म्हणूनच, म्हणाल्या, "त्यांचं नुकसान वाया जाणार नाही, सखुबाई. ज्यांना रत्याचं पीठ मिळालं त्या सगळ्यांची साखर उतरलीय. तुमचा तांदूळ खरंच गुणकारी आहे. कितीतरी लोकांना उपयोग होईल."

सखुबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मोरूच्या घामाचा भात तीस माणसांनी खाल्ला आणि ती बरी झाली. तो भात तिने स्वतः मानेवरून वाहून दिला होता. दोन गोणी मागितल्या होत्या, दिल्या नाहीत. तिला त्या बाईला मारावंसं वाटलं. खरोखर, हाताने. मुठी वळल्या आणि तिने त्या टेबलाखाली धरल्या.

"चल," ती प्रज्योतला म्हणाली. "अर्ज लिव. जितं जितं द्यावाचा आसंल तितं दे."

प्रज्योतने अर्ज लिहिले, पोचपावत्या घेतल्या. निकेतने मेलची यादी छापून दिली आणि त्यापायी त्याचं काम गेलं. एप्रिल गेला, कोणी आलं नाही.

मेच्या शेवटी मात्र पत्रिका आली. वाघखारच्या शाळेच्या मैदानावर कॉलेजतर्फे शेतकरी मेळावा. पारंपरिक बियाण्याचे जतन केल्याबद्दल प्रगतिशील शेतकरी श्री. मोरेश्वर म्हात्रे यांचा सत्कार. पुढच्या वर्षी दोनशे माणसांवर प्रयोग करायचा होता, आणि त्याला बियाणं हवं होतं.

"मना जावाचा हाय," मोरू म्हणाला.

सखुबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. "कशाला? शाल घ्यायाला?"

"बापाच्या भाताचा सत्कार हाय. गाव हसला मना तीस वर्सां. हसलेल्यांनी बगू दे."

"पाय खाल्ला तुमचा त्यांनी."

"पाय माजा गेलाय," मोरू ओरडला. दवाखान्यातून आल्यापासून तो पहिल्यांदाच ओरडला. "तुजा न्हाय. तू अर्ज करतंस, पोऱ्या मारामारी करतं. मना कोनी इचारलाय, काय वाटतं?"

दोन दिवस दोघं बोलली नाहीत. मेळाव्याच्या सकाळी तिने त्याचा पांढरा शर्ट दोरीवरून काढून त्याच्या पुढ्यात टाकला.

मांडवात पंखे होते. व्यासपीठावर पांढऱ्या चादरीचं टेबल, पाण्याच्या बाटल्या, फुलांचे गुच्छ. चार पाहुणे आणि नेत्रा मॅडम. मोरू कुबडी आणि सखुबाईचा खांदा धरून तीन पायऱ्या चढला. मॅडम भाषणात त्याच्याबद्दल चांगलं बोलल्या. खाऱ्या वाऱ्याबद्दल बोलल्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या ज्ञानाबद्दल बोलल्या. पायाबद्दल बोलल्या नाहीत. टाळ्या झाल्या. मोरूचे डोळे भरले, सखुबाईने ते बघितलं आणि मान वळवली.

मग मॅडम शाल घेऊन आल्या. गावातलाच मितेश फोटो काढायला होता. त्याने कॅमेरा लावला, खाली घेतला, जरा ओशाळून म्हणाला, "मोरूकाका, पाय जरा टेबलामागं घ्या. फोटूत येतंय."

"हो, दादा, जरा इकडे सरका," मॅडम म्हणाल्या आणि टेबलावरची चादर पुढे ओढली.

मोरूने आधी चादरीकडे बघितलं, मग मॅडमच्या हातांकडे. त्याने कुबडी सखुबाईकडे दिली आणि खुर्चीत बसला. दोन्ही हातांनी डावी मांडी उचलली आणि पाय टेबलावर ठेवला. बाटली आडवी होऊन खाली गेली. तो वाकून पट्टी सोडायला लागला. पट्टी लांब होती, वेटोळ्यावर वेटोळं निघत होतं. शेवटचा थर मांसाला चिकटला होता, तो त्याने ओढून काढला. अर्धं पाऊल उघडं पडलं. टाक्यांच्या रेघा, मधे अजून ओला भाग. एक माशी आली.

"काढ आता," मोरू म्हणाला.

मितेश हलला नाही.

"काढ की रं! ह्यो पन ह्याच भाताचा हाय."

पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, "हे काय आहे?" मॅडम शाल तशीच धरून उभ्या होत्या. सखुबाई पुढे आली. मांडवातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगितलं. पीठ, बटण, एकशे चौदा. तिला जास्त वेळ लागला नाही. तिचं संपलं तेव्हा मितेशने कॅमेरा वर केला. एकामागून एक तीन वेळा उजेड पडला. मग मागच्या खुर्च्यांवरच्या लोकांचेही फोन वर झाले.

तो फोटो कुठे कुठे गेला कोणास ठाऊक. पुढचा प्रयोग थांबल्याचं पंधरा दिवसांत पेपरात आलं. मोरूने बियाणं दिलं नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चौकशी समिती आली. तिघं जण, हातात छत्र्या आणि फायली. घरी कोणी नव्हतं म्हणून ते खाराकडच्या रस्त्यापर्यंत आले, पुढे बांध चिखलाने माखलेला. सखुबाई खारात होती. पाऊस पडून मीठ उतरलं होतं, मोड आलेलं बी टोपलीत होतं, आणि ते त्याच दिवशी जायला हवं होतं. मोरू बांधावर गोणपाटावर बसून तिला ओळ दाखवत होता. चिखलात त्याला उतरता येत नव्हतं.

"म्हात्रे का?" रस्त्यावरून हाक आली. "आम्ही चौकशीला आलोय. जरा इकडे येता का?"

मोरूने सखुबाईकडे बघितलं.

"पेरून व्हऊ द्या," ती म्हणाली आणि मूठ फेकली.

ते छत्र्यांखाली उभे राहिले. एकाने दोनदा घड्याळ बघितलं. टोपली रिकामी झाली तेव्हा ती गुडघ्यापर्यंत चिखलाची बाहेर आली, हात न धुता रस्त्यावर त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यातल्या मोठ्या साहेबाने फाइल उघडली आणि प्रस्तावना सुरू केली.

"थांबा," सखुबाई म्हणाली. "आधी चूक कोनाची ती बोला. मंग बाकीचा वाचा."

साहेबाने फाइल मिटली.